स्पीडबोट, लाइफ जॅकेट आणि प्रवासी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेटवेहून मांडव्याला स्पीडबोटीनं जाणारे, मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात वॉटर स्पोर्ट्स करणारे, ऑफिसची किंवा शाळेची सहल समुद्रावर नेणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं प्रवाशाच्या बाजूनं लिहिली आहेत. काही उत्तरं बोटवाल्यांना टोचतील, त्याला इलाज नाही.

मला उत्तम पोहता येतं. तरी जॅकेट घालायलाच हवं का?

हो. पोहायला माणूस शुद्धीवर लागतो आणि हातपाय शाबूत लागतात. वेगात चाललेल्या बोटीतून माणूस उडी मारत नाही, तो फेकला जातो. बोट २५ नॉटनं चालली असेल तर तो वेग ताशी ४६ किलोमीटर होतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १३ मीटर. या वेगानं पाण्यावर आदळलं की पाणी मऊ लागत नाही. जाता जाता डोकं काठावर किंवा रेलिंगवर आपटलं, खांदा निखळला किंवा नुसता दम कोंडला, तरी पुढची दोन-तीन मिनिटं तुमचं पोहण्याचं कौशल्य काही कामाचं नसतं. आणि तुम्ही पडल्याचं तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, दहा सेकंदांनी लक्षात आलं, तर तोवर बोट सव्वाशे मीटर पुढे गेलेली असते. एवढ्या अंतरावरून, थोड्याशा लाटांत, पाण्यावर फक्त डोकं असलेला माणूस शोधून बघा. भगव्या किंवा पिवळ्या जॅकेटचा अर्धा उपयोग तर नुसतं दिसण्यासाठीच असतो.

अमेरिकेचं कोस्ट गार्ड हौशी बोटींच्या अपघातांची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करतं. वर्षं बदलली तरी चित्र फारसं बदलत नाही. मरण पावलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश लोक बुडून गेलेले असतात, आणि बुडालेल्या दर दहांपैकी आठांहून अधिक जणांच्या अंगावर जॅकेट नसतं. त्यांतल्या बऱ्याच जणांना पोहता येत असणार.

जॅकेट सीटखाली आहे. गरज पडली की घालू, चालेल ना?

चालणार नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

१८ डिसेंबर २०२४ ला दुपारी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या लाँचवर, करंजाजवळ, नौदलाची इंजिन चाचणीवर असलेली वेगवान बोट येऊन आदळली. दोन्ही बोटींवरच्या मिळून १५ जणांचा जीव गेला. लाँचला परवानगी होती ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांची, चढले होते शंभरावर. धडक बसल्यानंतर जॅकेटं शोधायची, लहान मुलांना घालायची धावपळ कशी झाली हे वाचलेल्या प्रवाशांनी नंतर सांगितलं. त्यानंतर गेटवेवर प्रवाशांना जॅकेट सक्तीचं झालं.

ती संथ चालणारी, मोठी लाँच होती. तिथेही वेळ पुरला नाही. स्पीडबोट उलटते किंवा खडकावर चढते तेव्हा सगळा खेळ काही सेकंदांचा असतो. सीटखाली पिळून कोंबलेलं, पट्ट्यांचा गुंता झालेलं जॅकेट बाहेर काढून, सरळ करून, बकलं लावायला शांत धक्क्यावर उभं राहूनसुद्धा मिनिटभर जातं. पाण्यात पडल्यावर ते अंगात चढवणं हा वेगळाच प्रकार आहे. विश्वास बसत नसेल तर कमरेइतक्या पाण्यात एकदा करून बघा. जॅकेट तुमच्या डोक्याच्या बाजूनं वर पळत राहतं आणि हात सापडत नाहीत.

म्हणून धक्का सोडायच्या आधी घालायचं आणि पलीकडच्या धक्क्यावर पाय टेकल्यावर काढायचं. मांडव्याची जेट्टी समोर दिसली की लोक बकलं सोडून उभे राहतात, बॅगा काढायला लागतात. चढता-उतरताना बोट आणि धक्का यांच्या फटीत पाय घसरतो, तोही याच वेळी.

अंतर थोडंच आहे, समुद्रही शांत आहे. मग?

गेटवे ते मांडवा हे अंतर स्पीडबोट वीसेक मिनिटांत कापते, लाँचला तासभर लागतो. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं.

२४ ऑक्टोबर २०१८ ला शिवस्मारकाच्या नियोजित जागेकडे निघालेली स्पीडबोट मुंबईच्या किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या खडकावर आदळून बुडाली आणि एकाचा मृत्यू झाला. पावसाळा नव्हता, रात्र नव्हती. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबा आटोपून किनाऱ्याकडे परतणारी पर्यटकांची बोट उलटली, दोघे गेले. समुद्रच काय, धरणाच्या पाण्यावरही तेच. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. तिथे रोजची ये-जा करणारे गावातलेच लोक होते, सहलीला आलेले नव्हते.

उलट बाजूचंही सांगायला हवं. १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडाली तेव्हा त्यावरचे ८८ च्या ८८ लोक वाचले, कारण पोलिसांची गस्तीची बोट जवळ होती आणि ती लगेच धावली. अशी बोट दर वेळी जवळ असेलच असं नाही.

जॅकेट नीट बसलंय की नाही, हे कसं ओळखायचं?

चेन लावा, सगळी बकलं लावा, नाडी असेल तर तीही बांधा. पट्टे ओढून घट्ट करा. मग दोन्ही हात वर करा आणि सोबतच्या माणसाला खांद्याजवळ धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत किंवा कानांपर्यंत सरकलं, तर ते सैल आहे. पाण्यात असंच सरकेल आणि नाक-तोंड झाकून टाकेल. पट्टे आवळूनही सरकत असेल तर छोटा साइज मागा.

मापाच्या बाबतीत बोटीवर सगळ्यात जास्त हयगय होते. ‘फ्री साइज आहे, चालतं सगळ्यांना’ हे वाक्य तुम्ही ऐकालच. नाही चालत. चांगल्या जॅकेटच्या आतल्या लेबलवर किती किलो वजनाच्या माणसासाठी ते आहे हे छापलेलं असतं. लेबल पुसलं गेलं असेल तर जॅकेट किती जुनं आहे याचाही अंदाज येतो.

साडी, सलवार-कमीज, जीन्स. कशावर घालायचं?

सगळ्याच कपड्यांवरून घालता येतं, फक्त ते सगळ्यात वरती असलं पाहिजे. साडीचा पदर आणि ओढणी जॅकेटच्या आत खोचा, मोकळी सोडू नका. वाऱ्यानं उडून ती दुसऱ्याच्या तोंडावर जाते हे एक, आणि पाण्यात गळ्याभोवती गुंडाळली जाते हे दुसरं. पर्स किंवा झोळी तिरकी अडकवून वरून जॅकेट घालू नका, पाठीवरची सॅक तर नकोच. नऊवारी नेसलेल्या आजी मांडीमधून जाणाऱ्या पट्ट्याला तयार होत नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही. अशा वेळी कमरेचे पट्टे जास्त घट्ट करायचे आणि त्यांना मागच्या बाकावर, दोन धडधाकट माणसांच्या मध्ये बसवायचं.

चपला-सँडल हातात नको, पायात हवेत, पण पटकन निघणारे. घोट्यापर्यंतचे बूट नकोत.

लहान मुलांसाठी वेगळं जॅकेट लागतं का?

लागतंच. मोठ्यांचं जॅकेट मुलाला दोन फेरे गुंडाळून बांधलेलं दिसतं तेव्हा अंगावर काटा येतो. मूल खालून सटकतं आणि जॅकेट एकटं तरंगत राहतं. मुलांच्या जॅकेटला मांडीमधून जाणारा पट्टा असतो तो त्यासाठीच. मानेमागे फुगीर कॉलर असते, ती डोकं पाण्यावर धरते, कारण लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं. खांद्यापाशी धरायला कडी किंवा पट्टा असेल तर उत्तम, मुलाला पाण्यातून उचलताना तोच हाताला लागतो.

तान्ह्या बाळाला स्पीडबोटीवर नेऊ नका. साधारण आठ किलोच्या खालच्या बाळाला बसेल असं भरवशाचं जॅकेट मिळणं कठीण, आणि बोटीचे दणके त्या मानेला सोसणारे नाहीत. बाळाला पोटाशी कांगारू बॅगेत बांधून वरून स्वतःचं जॅकेट घालणं हा तर सगळ्यात धोक्याचा प्रकार. बाळ असेल तर मोठी लाँच घ्या किंवा भाऊच्या धक्क्याहून रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) घ्या. उशीर होईल, होऊ दे.

फुगवायच्या दंडपट्ट्या, बदकाची रिंग, हे सगळं हॉटेलच्या स्विमिंग पूलसाठी.

जॅकेटवर ५०, १०० किंवा १५० असं लिहिलेलं असतं. ते काय?

ते उचलून धरण्याचं बळ आहे, न्यूटनमध्ये मोजलेलं. १०० न्यूटन म्हणजे ढोबळमानानं दहा किलोचा उचल. आता कुणी विचारेल की माझं वजन ऐंशी किलो, दहा किलोनं काय होणार? पाण्यात माणसाचं बहुतेक वजन पाणीच पेलतं. डोकं वर राहायला साधारण तीन ते पाच किलोचा आधार पुरतो. त्यामुळे वजनदार माणसांनी घाबरून जाऊ नये, त्यांच्या मापाचं जॅकेट मिळालं म्हणजे झालं.

५० न्यूटनचं जॅकेट हे खरं तर पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या आणि मदत जवळ असलेल्या माणसासाठी. ते तरंगायला मदत करतं, पण बेशुद्ध माणसाला उताणं करेल याची खात्री देत नाही. जेट स्की, कयाक यांवर बहुधा हेच असतं, कारण त्यात हालचाल सोपी होते. १०० न्यूटनचं बंदिस्त पाण्यासाठी आणि शांत हवेसाठी, १५० चं खुल्या समुद्रासाठी. २७५ चं जाड कपडे आणि अवजारं घेऊन काम करणाऱ्यांसाठी, पर्यटकाला त्याची गरज नाही.

मोठ्या जहाजांवरच्या जॅकेटचे आंतरराष्ट्रीय निकष याहून कडक आहेत. त्या जॅकेटनं दमलेल्या किंवा बेशुद्ध माणसाला सुमारे पाच सेकंदांत उताणं करून तोंड पाण्याबाहेर धरायला हवं, आणि २४ तास पाण्यात बुडवून ठेवलं तरी त्याचा उचल ५ टक्क्यांहून जास्त घटता कामा नये. शिट्टी आणि दिवा हवाच. आपल्याकडच्या बीचवर मिळणारी सगळी जॅकेटं या पंगतीत बसत नाहीत. निदान शिट्टी आहे का, एवढं तरी बघा.

फुगणारं जॅकेट चांगलं की फोमचं?

प्रवाशांसाठी फोमचं. फुगणाऱ्या जॅकेटमध्ये कार्बन डायऑक्साइडची छोटी नळी असते. दोरी ओढली, किंवा स्वयंचलित असेल तर पाणी लागलं, की ते फुगतं. अंगावर हलकं, उन्हाळ्यात सुखाचं. पण नळी रिकामी आहे का, एकदा वापरल्यावर नवी बसवली आहे का, हे कुणीतरी नेमानं तपासायला लागतं. रोज शंभर माणसं चढ-उतार करतात तिथे ते कोण करणार? शिवाय वेगात पाण्यावर आदळायची शक्यता असते तिथे, म्हणजे जेट स्की, बनाना राइड (बोटीमागे ओढत नेलेला केळ्याच्या आकाराचा फुगा) यांवर, ते वापरायचंच नसतं.

छत असलेल्या किंवा बंद केबिनच्या बोटीत स्वयंचलित फुगणारं जॅकेट उलट अडकवू शकतं. केबिनमध्ये पाणी शिरलं, जॅकेट फुगलं, की माणूस छताला चिकटतो आणि खाली वाकून दारातून बाहेर पडू शकत नाही. विमानातही दाराबाहेर पडल्यावरच फुगवा म्हणून सांगतात, ते याच कारणानं.

फोमचं जॅकेटही छताखाली अडकवेल ना?

प्रश्न रास्त आहे. काही अनुभवी खलाशीही हे बोलून दाखवतात. फोमच्या जॅकेटमध्येही उलटलेल्या, छत असलेल्या बोटीतून बाहेर येणं जड जातं. पण त्यावरचा उपाय जॅकेट न घालणं हा नाही. बसण्याच्या जागेत निवड असेल तर उघड्या बाजूला बसा. बसल्या बसल्या दोन वाटा हेरून ठेवा, एक जवळची आणि एक पलीकडची. बाजूचे ताडपत्रीचे पडदे शिंतोडे येतात म्हणून गच्च बांधलेले असतील तर तुमच्या जवळचा तरी सोडून घ्या. चार थेंब अंगावर येतील.

बोटीत कुठे बसावं?

मागे, आणि शक्यतो मधोमध. बोट लाटेवर आपटते तेव्हा पुढचं टोक सगळ्यात जास्त वर उचललं जातं आणि तेच सगळ्यात जोरात खाली येतं. फोटो मात्र पुढेच छान येतात, म्हणून भांडणं पुढच्या जागेसाठी. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेनं वेगवान बोटींवर कमरेचे मणके दबून फ्रॅक्चर झालेल्या प्रवाशांच्या अनेक घटना तपासल्या आहेत. त्यासाठी बोट उलटायची गरज नसते, एक चुकलेली लाट पुरते.

त्यामुळे पाठीचं दुखणं, मणक्यांचं ऑपरेशन, हाडांचा ठिसूळपणा असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी स्पीडबोट टाळावी. बाकीच्यांनी पाय जमिनीवर सपाट, हात पकडीला, गुडघे सैल. लाट येताना दिसली की पाठ ताठ आवळून धरण्याऐवजी पायांवर थोडा भार घ्या.

रबरी कडेच्या बोटीत त्या फुगीर कडेवर बसवतात, तिथे बसू नका. स्कॉटलंडमध्ये २०१६ साली अशाच दोन बोटी एकमेकींवर आदळल्या आणि कडेवर बसलेली एक प्रवासी गंभीर जखमी झाली. आत सीट असेल तर सीटवर बसा, सीट संपल्या असतील तर बोट भरली आहे असं समजा.

तांडेलाच्या मनगटाला किंवा जॅकेटला लाल दोरी का असते?

असेल तर त्याचे आभार माना. ती किल कॉर्ड. तांडेल जागेवरून फेकला गेला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. ती नसेल तर बोट कुणी चालवणारं नसताना चालत राहते, बहुधा गोल गोल फिरत, आणि पाण्यात पडलेल्यांवरच परत येते. इंग्लंडमध्ये पॅडस्टोजवळ ५ मे २०१३ ला नेमकं हेच झालं. एका कुटुंबातले सहाही जण बोटीतून बाहेर फेकले गेले, दोरी कुणालाच लावलेली नव्हती, बोट फिरून त्यांच्यावर आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली, बाकीचेही जखमी झाले. सगळ्यांना पोहता आलं असतं तरी इंजिनाच्या फिरत्या पंख्यापुढे काय उपयोग होता?

अमेरिकेत २६ फुटांहून लहान बोटींवर ही दोरी लावणं एप्रिल २०२१ पासून कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडे ती बऱ्याचदा इंजिनाजवळ नुसती लोंबकळताना दिसते. ‘दादा, ती लाल दोरी लावा ना’ एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत. एखादा चिडेल, बहुतेक हसून लावतात.

तांडेल स्वतःच जॅकेट घालत नाही. मग आम्ही का घालावं?

त्यानं घालायलाच हवं. बोटीवर काय करायचं हे ज्याला कळतं तो एकटाच बेशुद्ध होऊन बुडाला तर उरलेल्यांचं काय होणार, हा सरळ हिशेब आहे. मासेमारीच्या होडीवर जाळं ओढताना जाडजूड जॅकेट आडवं येतं, त्यातून ही सवय आलेली असते. पण पर्यटकांची बोट चालवताना जाळं ओढायचं नसतं. तुम्ही घाला आणि त्यालाही घालायला सांगा.

बोटीत किती माणसं चालतात हे प्रवाशाला कसं कळणार?

नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता बोटीवर रंगवलेली असायला हवी. शोधा. दिसली नाही तर विचारा. परवान्यावर लिहिलेल्या आकड्यात लहान मुलंही मोजली जातात, मांडीवरचीसुद्धा. केरळात तानूरला ७ मे २०२३ ला पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले. त्या बोटीत माणसं प्रमाणाबाहेर भरलेली होती.

संख्या बरोबर असूनही बोट कलंडू शकते. डॉल्फिन दिसला की सगळेच एका बाजूला धावतात, तेव्हा काय होतं ते बोटवाल्याला विचारा. तो आधीच ओरडून खाली बसवतो. त्याचं ऐका, तो उद्धट नाही.

बोटवाल्याला आणखी काय विचारावं?

बोटीची नोंदणी, यंदाची तपासणी, तांडेलाचा परवाना आणि प्रवाशांचा विमा. समुद्रावरच्या प्रवासी वाहतुकीचं काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आहे, आणि नद्या, खाड्या, जलाशयांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, त्यात नोंदणी, तपासणी, विमा हे सगळं येतं. शिवाय बोटीवर फेकायची गोल रिंग आहे का, आग विझवायचं नळकांडं आहे का, वॉकीटॉकी चालू आहे का, हे डोळ्यांनीच दिसतं. आउटबोर्ड इंजिनाच्या बोटीत पेट्रोलचा वास फार येत असेल तर बसू नका.

उत्तर टाळलं गेलं तर दुसरी बोट बघा. भाड्यात शंभर रुपये वाचवून या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत.

बनाना राइडमध्ये मुद्दाम पाण्यात पाडतात. ते सुरक्षित असतं का?

पाडायच्या आधी विचारलं पाहिजे, आणि ‘नको’ म्हटलं तर पाडता कामा नये. पाण्याची भीती असलेल्या माणसाला हसत हसत पाडणं ही मस्करी नव्हे. पाडल्यावर ओढणाऱ्या बोटीनं इंजिन न्यूट्रल करून, पंखा तुमच्यापासून लांब ठेवूनच जवळ यायला हवं. तुम्ही पंख्याच्या बाजूनं चढू नका, कितीही हात पुढे केला तरी. ओढणाऱ्या बोटीत चालवणाऱ्याखेरीज मागे बघणारा दुसरा माणूस हवा. एकच माणूस पुढेही बघतोय आणि मागेही, असं असेल तर ती राइड करू नका.

जेट स्कीवर मागे बसणाऱ्यांनी नुसत्या पातळ कपड्यांत बसू नये. मागे पडल्यावर पाण्याचा झोत फार जोरात लागतो आणि आतल्या अवयवांना इजा होऊ शकते. जाड, तंग शॉर्ट्स किंवा वेटसूटचा खालचा भाग घाला.

जॅकेट घातलं की मग काळजी नाही ना?

आहे. जॅकेट बुडण्यापासून वाचवतं, आदळण्यापासून नाही. २२ ऑगस्ट २०२० ला इंग्लंडमध्ये साउदम्प्टनच्या खाडीत ‘सीडॉग्झ’ नावाची पर्यटकांना वेगाची मजा देणारी बोट ३८ नॉटनं, म्हणजे ताशी ७० किलोमीटरनं, समोरच्या बोयावर (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेवर) आदळली. १५ वर्षांची मुलगी गेली. उजेड होता, बोया मोठा होता, पण चालवणाऱ्याला तो वेळेत दिसला नाही.

आपल्या किनाऱ्यावर तर डोल जाळ्यांचे बोये, अर्धवट बुडालेले ओंडके, ओहोटीला उघडे पडणारे खडक आणि आडवे येणारे मचवे असतात. म्हणून तांडेलाला ‘जरा मस्त गोल मार’ म्हणून पैसे देऊ नका. वळण घ्यायच्या आधी ओरडून सांगणारा तांडेल चांगला. मोबाइलवर बोलत चालवणारा असेल तर तिथल्या तिथे थांबवायला सांगा. आणि तुम्ही दारू पिऊन चढू नका, त्यानं प्यायली असेल तर अजिबातच नको. थर्टी फर्स्टच्या संध्याकाळी अलिबागला हे सांगावं लागतं.

कुणी पडलं तर बाकीच्यांनी काय करायचं?

मोठ्यानं ‘माणूस पडला’ ओरडा, कोणत्या बाजूला ते सांगा. एकानं फक्त एकच काम करायचं, पडलेल्याकडे हात लांब करून बोट दाखवत राहायचं आणि नजर हलवायची नाही. बाकी कुणी रिंग फेका, पाण्याचा रिकामा कॅन फेका, तरंगणारं जे हाताशी असेल ते. त्याच्यामागे उडी मारू नका, नाहीतर तांडेलाला दोन माणसं शोधावी लागतात.

तुम्ही स्वतः पडलात तर जॅकेटवर छातीपाशी हात आवळून धरा, पाय वर घ्या, उताणे राहा, शिट्टी वाजवा, एक हात वर करा. बोटीमागे पोहत सुटू नका.

बोट उलटली तर किनाऱ्याकडे पोहायचं का?

नाही. उलटलेल्या बोटीला धरून राहा, ती बहुधा लगेच बुडत नाही आणि शोधणाऱ्यांना तीच आधी दिसते. किनारा दिसतो त्याहून लांब असतो. ओहोटी लागली असेल तर खाडीच्या तोंडाशी पाणी तुम्हाला बाहेरच नेतं, कितीही पोहलात तरी. एकमेकांचे जॅकेट धरून गोल करा, मुलांना आत घ्या, डोकी मोजा. इथलं पाणी उबदार असल्यानं थंडीनं काही मिनिटांत गारठण्याचा धोका कमी, पण तास-दोन तासांत अंग गार पडतंच. त्यामुळे उगाच हातपाय मारून ऊब घालवू नका.

उंचावरून उडी मारायची वेळ आली तर आधी जॅकेट दोन्ही हातांनी खाली दाबून धरा. नाहीतर पाण्यात पडताना ते हनुवटीवर जोरात बसतं.

पावसाळ्यात स्पीडबोटी चालतात का?

साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट गेटवे-मांडवा लाँच आणि सिंधुदुर्गातले वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. त्या काळात कुणी ‘ओळखीनं’ नेतो म्हणत असेल तर जाऊ नका. सप्टेंबरातही उधाणाच्या दिवशी जपून. सूर्यास्तानंतर लहान बोटीनं परतायचा बेत आखू नका, अंधारात जाळी दिसत नाहीत आणि बिनदिव्याच्या होड्याही दिसत नाहीत.

शाळेची सहल न्यायची आहे.

आधी शिक्षकांनी जाऊन बोट बघा. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. काहींच्याच अंगावर जॅकेटं होती. आणि तो तलाव होता. मुलांच्या मापाची जॅकेटं मुलांच्या संख्येएवढी आहेत का, हे फोनवर विचारून चालत नाही, मोजावी लागतात. कमी असतील तर फेऱ्या वाढवा. दोन मुलांत एक जॅकेट असा तोडगा कुणी सुचवलाच तर सहल रद्द करा, मुलं रुसतील.

जॅकेटला वास येतो, ओलं असतं, घाण असतं.

येतो, मान्य आहे. दिवसभरात वीस जणांनी घातलेलं असतं. पातळ फुल बाह्यांचा टी-शर्ट घालून या, मग अंगाला लागत नाही. तक्रार मात्र जरूर करा, कारण वास हा बहुधा निगा न राखल्याचा पुरावा असतो. जॅकेट गोड्या पाण्यात विसळून सावलीत टांगून वाळवायचं असतं. उन्हात महिनोन्‌महिने टाकलं की कापड आणि शिवण कुजते, सीटखाली दाबून ठेवलं की फोम चपटा होतो आणि उचल घटतो. फोम दाबून बघा. परत वर आला नाही, कुरकुरीत तुकडे लागले, किंवा जॅकेट अवाजवी जड लागलं, तर ते पाणी प्यायलेलं आहे. परत करा, दुसरं घ्या.

घरची छोटी बोट आहे, जॅकेट विकत घ्यायची आहेत. काय बघावं?

डीजी शिपिंग (केंद्र सरकारचं नौवहन महासंचालनालय) किंवा इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगची मान्यता असल्याचा शिक्का, वजनाची मर्यादा लिहिलेलं लेबल, प्लास्टिकची जाड बकलं, शिट्टी, चमकणाऱ्या पट्ट्या. रंग भगवा किंवा पिवळा. निळं जॅकेट समुद्रात दिसत नाही, दुकानात कितीही शोभिवंत दिसलं तरी. घरातल्या प्रत्येकाच्या मापाचं वेगळं घ्या, पाहुण्यांसाठी दोन जास्त. आणल्यावर उथळ पाण्यात घालून, अंग सैल सोडून बघा, तोंड पाण्याबाहेर राहतं का ते.

मदतीसाठी फोन कुठे करायचा?

तटरक्षक दलाचा शोध आणि बचावासाठीचा क्रमांक १५५४. सागरी सुरक्षेसाठी पोलिसांचा १०९३. कुठूनही ११२. बोटीवर वॉकीटॉकी असेल तर व्हीएचएफ चॅनेल १६. फोन लागला की आधी जागा सांगा, मग माणसं किती ते सांगा, बाकीचं नंतर. निघायच्या आधी घरच्यांना बोटीचं नाव आणि पोचायची वेळ कळवून ठेवा, आणि मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये घालून, गळ्यात अडकवण्याऐवजी जॅकेटच्या खिशात ठेवा.